दहावीच्या निरोप समारंभात वर्गशिक्षकानं काय बोलावं, आणि त्याची तयारी कशी करावी

जानेवारी सरता सरता पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून होतात, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या तारखा सूचनाफलकावर लागतात, आणि एका मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक सांगतात, "शनिवारी दहावीचा निरोप समारंभ घेऊ. वर्गशिक्षक म्हणून तुम्ही पाच मिनिटं बोला." हातात उरतात तीन-चार दिवस. त्यात तास असतात, अंतर्गत गुणांच्या याद्या असतात, प्रवेशपत्रांवर सह्या असतात. भाषण मागं पडतं आणि ऐन वेळी उभं राहिल्यावर दरवर्षीचंच तोंडून निघतं: दहावी हा आयुष्यातला महत्त्वाचा टप्पा, कष्टाला पर्याय नाही, आईवडिलांचं नाव काढा, शाळेला विसरू नका.

यातलं काहीच खोटं नाही. पण ही वाक्यं कुठल्याही शाळेत, कुठल्याही वर्षी, कुठल्याही मुलांसमोर म्हणता येतात आणि समोर बसलेल्या मुलांना ते बरोबर कळतं. प्रमुख पाहुण्यांनी असं बोललं तर समजू शकतं, ते मुलांना ओळखत नाहीत. संस्थेचे अध्यक्ष, सरपंच, मोठ्या पदावर गेलेला माजी विद्यार्थी यांचंही तसंच. त्या मंचावर या मुलांना रोज पाहिलेला माणूस म्हणजे त्यांचा वर्गशिक्षक. म्हणून त्यानं तेच बोलावं जे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बोलता येणार नाही: या मुलांबद्दल त्यानं स्वतः काय पाहिलं. या लेखातली सगळी तयारी तेवढ्यासाठी आहे. मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत. पद्धत मात्र मुंबई-पुण्याच्या शाळेतही चालेल आणि बारावीच्या निरोपालाही.

आधी कार्यक्रमपत्रिका मागून घ्या

लिहायला बसण्याआधी सूत्रसंचालन करणाऱ्या सहकाऱ्याला गाठा. बहुतेक शाळांत क्रम ठरलेला असतो: प्रतिमापूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, दहावीच्या मुलामुलींची मनोगतं, नववीच्या एखाद्याचं मनोगत, शाळेला दिलेली भेटवस्तू, शिक्षकांचं मनोगत, मुख्याध्यापक, पाहुणे, अध्यक्ष, आभार आणि अल्पोपाहार. तुमचं नाव कुठं आहे ते बघा. विनंती करता येत असेल तर मुलांच्या मनोगतानंतर लगेच आणि पाहुण्यांच्या आधी बोलायला मागा. मुलं नुकतीच बोललेली असतात, काही रडलेली असतात, आणि त्यांच्या बोलण्यातला एखादा धागा तुम्हाला तिथल्या तिथं उचलता येतो.

वेळेचं गणित आधीच घाला. सभेत सावकाश, मुलांना कळेल असं बोललं तर मराठीत मिनिटाला साधारण शंभर ते एकशेदहा शब्द होतात. पाच मिनिटं म्हणजे पाचशे-साडेपाचशे शब्द. वहीच्या दोन पानांत ते बसतात. कार्यक्रम उशिरा सुरू होणार, सत्कार लांबणार आणि तुमच्या पाच मिनिटांची तीन होणार, हे गृहीतच धरा. त्यासाठी भाषणातला एक परिच्छेद असा ठेवा की तो अख्खा गाळला तरी बाकीचं तुटणार नाही. त्याच्या बाजूला पेन्सिलीनं उभी रेघ मारून ठेवा. मंचावर उभं राहून कापाकापी करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणखी एक विचारून घ्या. पालक येणार आहेत का? पालक समोर असले की बोलण्याचा तोल बदलतो. मुलांबद्दलची जी गोष्ट वर्गात हसत सांगता येते ती आईसमोर सांगताना दोनदा विचार करावा लागतो.

या तुकडीचं स्वतःचं वर्षपत्रक मांडा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. माझ्या मते मात्र चांगलं भाषण इथंच सापडतं. एका कागदावर डावीकडे इयत्ता लिहा, उजवीकडे वर्ष, आणि त्या वर्षी शाळेत, गावात काय घडलं ते लिहीत जा.

फेब्रुवारी-मार्च २०२६ च्या परीक्षेला बसणारी तुकडी घ्या. ही मुलं साधारण २०१० च्या आसपास जन्मलेली. पहिलीत गेली २०१६ मध्ये. चौथीचं वर्ष संपत आलं असताना, मार्च २०२०मध्ये, शाळा बंद झाल्या. आणि जून २०२० मध्ये ती पाचवीत आली. पाचवी ते दहावीच्या हायस्कुलात हे फार महत्त्वाचं आहे, कारण जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा सोडून मोठ्या शाळेत येण्याचं ते वर्ष. या मुलांना मोठ्या शाळेचा पहिला दिवस मिळालाच नाही. फाटकाला कुलूप, आणि नवे सर, नव्या बाई फोनच्या पडद्यावर. एप्रिल २०२१ मध्ये राज्यानं पहिली ते आठवीच्या सगळ्यांना परीक्षेशिवाय वरच्या वर्गात घातलं, म्हणजे पाचवीची परीक्षाही नाही. सहावीचे पहिले काही महिनेही असेच गेले.

आता विचार करा, "तुमचा शाळेतला पहिला दिवस आठवा" असं वाक्य या तुकडीसमोर कसं वाटेल? आणि "तुमचा पहिला दिवस झालाच नाही" असं तुम्ही म्हणालात तर? वर्ग तत्क्षणी शांत होईल, कारण हे त्यांचं आहे, मागच्या वर्षीच्या किंवा पुढच्या वर्षीच्या मुलांचं नाही.

दर तुकडीला एवढी मोठी घटना वाट्याला येत नाही, आणि त्याची गरजही नसते. कुणाच्या आठवीत शाळेची नवी इमारत झाली, कुणाच्या नववीत पावसानं सहल रद्द झाली, कुणाच्या वर्षी गणिताचे तीन शिक्षक बदलले, कुणाच्या काळात गावाला एसटी सुरू झाली आणि मुलींची पायपीट थांबली. जुनी हजेरीपत्रकं, स्नेहसंमेलनाचे फोटो, विज्ञान प्रदर्शनाची प्रमाणपत्रं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेच्या याद्या, आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालाचा कागद, हे सगळं कपाटात असतंच. एक तास काढून चाळा.

टिपणं: गुण नकोत, कृती लिहा

वर्षपत्रक झालं की खिशात एक छोटी वही ठेवा आणि दोन-तीन दिवस मुलांबद्दल आठवेल ते लिहा. इथं एकच नियम पाळा. "हुशार", "मेहनती", "प्रेमळ", "खोडकर" असे शब्द लिहायचे नाहीत. तो काय करायचा, ते लिहायचं.

"जबाबदार मुलगा" या शब्दांतून काहीच दिसत नाही. "प्रयोग झाला की परीक्षानळ्या धुऊन स्टँडवर उलट्या लावून ठेवायचा, कुणी सांगितलं नसताना" यातून मुलगा दिसतो. "मनमिळाऊ मुलगी" ऐवजी "नवी मुलगी वर्गात आली त्या दिवशी डबा उघडून तिच्या बाकावर जाऊन बसली." असं एक वाक्य ऐकलं की त्या मुलीला कळतं आपल्याबद्दल चाललंय, आणि बाकीच्यांनाही तो दिवस आठवतो.

तुम्ही जे पाहिलं नाही ते दुसऱ्यांनी पाहिलेलं असतं. विज्ञानाचे सर, खेळाचे सर, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाईमामा. शिपाईमामांना तर आवर्जून विचारा. सकाळी सगळ्यांच्या आधी कोण येतं, पाऊस आला की सायकली कोण आत ओढतं, घंटा झाल्यावरही मैदानातून कोण हलत नाही, हे त्यांना वर्गशिक्षकापेक्षा जास्त माहीत असतं. वर्गात जी मुलगी तोंड उघडत नाही ती कबड्डीच्या मैदानावर अख्ख्या संघाला हाका मारून जागेवर उभं करते, हे मला आमच्या खेळाच्या सरांकडून कळलं होतं.

टिपणं करताना हजेरीपत्रक समोर ठेवा आणि प्रत्येक नावापुढे काहीतरी आलंय का बघा. काही नावांपुढची जागा रिकामी राहील. बहुतेकदा ती मधल्या बाकांवरची, ना पहिल्या पाचात ना तक्रारीत असलेली मुलं असतात. समारंभाला अजून दोन दिवस आहेत, तेवढ्यात त्यांच्याशी जाऊन बोला. मधल्या सुट्टीत बाकावर बसा, वही बघायला मागा, घरी अभ्यासाला कुठं बसतोस विचारा. भाषणासाठी काही मिळालं नाही तरी ते दोन मिनिटांचं बोलणं वाया जात नाही.

नावं घ्यायची का?

सगळ्यात नाजूक प्रश्न हाच, आणि यावर थोडं थांबायला हवं.

साठ मुलांच्या वर्गात दहा जणांची नावं घेतली की पन्नास जण गप्प बसून ऐकतात आणि घरी जाताना एवढंच लक्षात ठेवतात की आपलं नाव आलं नाही. म्हणून मधला मार्ग नको. वर्ग तीस-पस्तीसचा असेल तर प्रत्येकाबद्दल एकेक छोटं वाक्य बोला, कुणालाही न वगळता, हजेरीच्या क्रमानं. मुलांना पाठ असलेला तो क्रम ऐकताना वर्ग आपोआप सरसावून बसतो. यात पाच मिनिटं पूर्ण जातात, मग दुसरं काही बोलायची गरजच राहत नाही. वर्ग मोठा असेल तर एकही नाव घेऊ नका. फक्त कृती सांगा. "वर्गात एक जण आहे जो रोज सगळ्या खिडक्या उघडतो" म्हटलं की सगळ्या माना एका दिशेला वळतात. नाव मुलं स्वतःच घेतात.

पूर्वपरीक्षेत पहिल्या आलेल्यांची नावं या दिवशी नकोत. निकालानंतर त्यांचे फोटो फ्लेक्सवर लागणारच आहेत, त्यांचे सत्कार होणारच आहेत. निरोपाचा दिवस सगळ्यांचा असतो.

काही गोष्टी कितीही चांगल्या हेतूनं असल्या तरी मंचावरून बोलू नयेत. कुणाची फी कुणी भरली. कुणाला कोणत्या योजनेची शिष्यवृत्ती मिळते, कारण त्यातून जात कळते. वडिलांचं व्यसन, घरातलं भांडण, आजारपण, कुणाचं कुणाशी नाव जोडलं जातं ते. टोपणनावं, उंची, रंग, जाडी. वर्गात कधी मार बसला असेल तर त्याची आठवणही नको. मुलं त्यावर हसतात, पण ज्याला बसला होता तो कसा हसतो ते नीट पाहिलंत तर पुन्हा ती गोष्ट सांगावीशी वाटणार नाही.

आणि कष्टाची गोष्ट? आमच्याकडे हा प्रश्न दरवर्षी येतो. दसरा-दिवाळीनंतर अनेक आईवडील टोळीबरोबर ऊसतोडीला जातात ते कारखान्याचा हंगाम संपल्यावरच येतात. दहावीची मुलं आजीजवळ राहतात, सकाळी भाकरी करून शाळेत येतात. निरोप समारंभाला त्यांच्या घरचं कुणी नसतं, आई त्या वेळी दोन जिल्हे ओलांडून फडात असते. हे बोलावं, कारण ते खरं आहे आणि मोठं आहे. पण एका मुलाकडे बोट दाखवून नाही, आणि दया येईल असं नाही. आधी त्या मुलांना एकेकटं गाठून विचारा, "मी याबद्दल बोलले तर चालेल का?" एकानंही नको म्हटलं तर ते वाक्य काढा. चालेल म्हणाली तर असं बोलता येतं: "तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी या वर्षी अभ्यासाबरोबर घर चालवलं. आज ज्यांच्या घरचं इथं कुणी नाही, त्यांच्या घरी मी आज संध्याकाळी फोन करणार आहे आणि तुम्ही कसे दिसत होता ते सांगणार आहे." हे म्हणायचं तर फोन करायचा. करणार नसाल तर म्हणू नका.

आज वर्गात नसलेल्यांचाही विचार करा. आठवीच्या हजेरीपत्रकात असलेली काही नावं दहावीच्या हजेरीपत्रकात नसतात. कुणी दाखला काढून नेला, कुणी कामाला लागलं, एखाद्या मुलीचं लग्न लावून दिलं गेलं. समोरच्या मुलांना हे सगळं माहीत असतं, त्या मैत्रिणीची जागा त्यांच्याच बाकावर रिकामी झालेली असते. नाव न घेता एक वाक्य बोला: "आपल्याबरोबर आठवीत होते आणि आज इथं नाहीत, तेही या वर्गाचेच आहेत. ते भेटले तर त्यांना सांगा, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते, आणि शाळेत येऊन मला भेटा." बाहेरून परीक्षेला बसण्याची ही सोय बऱ्याच घरांना माहीत नसते. निरोप पोचवायला समोरच्या मुलांइतकं योग्य कुणी नाही.

एक धागा निवडा, बाकीचं सोडा

आता वहीत खूप काही जमलेलं असेल. सगळं बोलायचा मोह होईल, तो आवरा. टिपणं वाचून स्वतःला विचारा, या वर्गात असं काय होतं जे मी दुसऱ्या कुठल्याही वर्गात पाहिलं नाही? उत्तर एका वाक्यात लिहा. "हा वर्ग एकमेकांना सांभाळून घेणारा होता." "यांना प्रश्न विचारायची भीती नव्हती." "हे भांडायचे फार, पण दुसऱ्या दिवशी विसरायचे." त्या वाक्याला आधार देणारे तीन प्रसंग ठेवा. बाकीचे कितीही आवडते असले तरी वहीतच राहू द्या. तीन प्रसंग पाच मिनिटांत नीट बसतात. पाच घेतले तर सगळेच घाईत उरकावे लागतात.

मिळालेलं वाक्य कौतुकाचंच असलं पाहिजे असं नाही. "हा वर्ग शांत बसणारा नव्हता" हेही खरं आणि प्रेमानं म्हणता येतं.

परीक्षेबद्दल किती बोलावं

समारंभ आणि पहिला पेपर यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर असतं. मुलांच्या डोक्यात तेच घोळत असतं, त्यामुळे परीक्षेचा उल्लेखच टाळणं विचित्र वाटेल. पण भाषणाचं सूचनापत्र करू नका. केंद्रावर किती आधी पोचायचं, प्रवेशपत्र कसं जपायचं, कोणतं पेन न्यायचं हे फलकावर लावा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगा. शाळेच्या निकालाची टक्केवारी, मागच्या तुकडीचा विक्रम, "आपला शंभर टक्के निकाल यंदाही लागलाच पाहिजे" हे तर नकोच. पूर्वपरीक्षेत दोन विषयांत राहिलेला मुलगा ते ऐकून एवढंच समजतो की शाळेचं नाव आपल्यामुळे बुडणार.

माझ्या मते परीक्षेबद्दल तीनच वाक्यं पुरतात. पहिलं, तुमची तयारी कुठवर आलीय हे मला माहीत आहे आणि उरलेल्या दिवसांत मी रोज शाळेत आहे. दुसरं, कॉपी करू नका, करू देऊ नका, आणि कुणी मोठ्या माणसानं चिठ्ठी पुढे केली तरी घेऊ नका. हे सरळ, एकदाच, आवाज न चढवता बोला. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी बोलत नाही: राहिलो तर काय. बोर्डाची पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच, जून-जुलैत होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळू शकतो. आयटीआयच्या काही व्यवसायांना तर दहावी नापास मुलंही जाऊ शकतात. हे तपशील सगळे मंचावर नकोत, पण एवढं म्हणा: "एखादा विषय राहिला तर वर्ष वाया जात नाही. त्याच आठवड्यात माझ्याकडे या, पुढं काय करायचं ते आपण बसून बघू."

काही शिक्षकांना वाटतं, असं बोललं तर मुलं ढिली पडतात. मला तसा अनुभव नाही. पास होणारी मुलं या वाक्यानं अभ्यास सोडत नाहीत, आणि ज्याच्या पोटात भीतीचा गोळा आलाय तो निदान पुस्तक उघडायला लागतो. एखादं मूल फारच खचलेलं दिसलं तर भाषणाची वाट बघू नका. आधी बाजूला घेऊन बोला, घरच्यांना बोलवा, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा.

लिहायला बसल्यावर

संबोधन छोटं ठेवा. मंचावरच्या प्रत्येकाचं पद आणि नाव घेण्यात दीड मिनिट जातं आणि ते काम सूत्रसंचालकानं, प्रास्ताविक करणाऱ्यानं आधीच केलेलं असतं. "आदरणीय मुख्याध्यापक सर, पाहुणे, माझे सहकारी, पालक, आणि माझ्या दहावी 'अ' च्या मुलांनो" एवढं पुरे. मग मध्ये काही न घालता थेट पहिल्या प्रसंगावर या. "आज मला बोलायला उभं केलं याबद्दल आभार", "मी काही वक्ता नाही", "बोलण्यासारखं खूप आहे पण वेळ कमी आहे" ही वाक्यं गाळा.

वर सांगितलेल्या तुकडीसाठी सुरुवात अशी होऊ शकेल:

"मुलांनो, तुमचा या शाळेतला पहिला दिवस मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण तो झालाच नाही. तुम्ही पाचवीत आलात तेव्हा आपल्या फाटकाला कुलूप होतं. मी तुम्हाला आधी आवाजावरून ओळखायला लागले. कुणाचा आवाज मध्येच तुटायचा. कुणाच्या मागं कोंबडा आरवायचा. कुणी रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून बसायचं, आणि मी ओरडायचे, आधी खाली उतर, कविता नंतर. एका घरात एक फोन आणि तिघं शिकणारी. मोठ्या बहिणीचा तास झाला की धाकट्याचा. मग शाळा उघडली आणि तुम्ही समोर आलात, तेव्हा मला कळेना कोण कोण आहे. तुम्ही तोंड उघडलंत की कळायचं. त्या वर्षी तुम्ही एक गोष्ट शिकलात जी मी शिकवली नव्हती: आपल्याजवळ आहे ते दुसऱ्याला वापरायला द्यायचं. ती सवय तुम्ही दहावीपर्यंत सोडली नाहीत. मी तीन वेळा ती पाहिली. त्या तीन गोष्टी तुम्हाला सांगते."

इथं धागा पहिल्याच मिनिटात पडला. पुढचे तीन प्रसंग त्यावर ओवले जातात. ते काळाच्या क्रमानं ठेवा, सातवी-आठवीतला आधी आणि या वर्षीचा शेवटी. प्रत्येक प्रसंगात जागा, वेळ आणि एक नेमकी वस्तू असू द्या: सहलीतली पाण्याची बाटली, भूमितीच्या तासाला वर्गभर फिरणारा एकच कंपास, पावसात भिजलेली वही. प्रसंग सांगून झाला की त्याचं तात्पर्य सांगायला थांबू नका. ते मुलांना कळलेलं असतं.

शेवट लिहिणं सगळ्यांना जड जातं. तिथं कवितेच्या ओळी घालायचा मोह होतो. त्याऐवजी मुलांना उपयोगाचं असं काहीतरी द्या: तुम्ही कुठं भेटाल, कधी भेटाल, काय विचारायला यावं. "मूळ गुणपत्रिका घ्यायला याल त्या दिवशी मी शाळेत असेन. पुढच्या प्रवेशाचा अर्ज भरायला अडचण आली तर मोबाईल आणि कागदपत्रं घेऊन या." आता अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत, खेड्यातल्या मुलांना पसंतीक्रम भरताना खरोखर मदत लागते. हे वाक्य बोलून "या, भेटा" म्हणून खाली बसा.

उसनी वाक्यं तपासून घ्या

थोर माणसांची वचनं मोबाईलवर ढिगानं फिरतात आणि त्यातली बरीच त्या माणसांची नसतात. अब्दुल कलाम, विवेकानंद आणि आइनस्टाइन यांच्या नावावर तर काहीही खपवलं जातं. अब्राहम लिंकननं मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून जे पत्र आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावलेलं असतं, ते लिंकनच्या संग्रहित लेखनात सापडत नाही. मजकूर सुंदर आहे, पण मुलांना नुकतंच "खरं बोला" सांगून पुढच्या वाक्यात ते लिंकनच्या नावानं सांगणं बरोबर नाही. वचन हवंच असेल तर ज्याचं मूळ पुस्तक तुमच्या हाताखाली आहे असंच घ्या. त्याहून चांगलं म्हणजे वर्गातल्याच एखाद्या मुलाचं वाक्य. निबंधाच्या वह्या चाळल्यात तर मिळेल, आणि त्याला विचारून घेता येईल.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतः लिहून दैनिक काढत. त्यासाठी ते रोज मुलांचं बोलणं, भांडणं, रुसवे टिपत असणार. निरोपाच्या भाषणाला मराठी शिक्षकानं आदर्श शोधायचाच तर मला तो तिथं दिसतो.

भाषा तुमची नेहमीची ठेवा. वर्गात "काय रं, कुठं गेला होतास" म्हणणाऱ्या सरांनी मंचावर "प्रिय विद्यार्थी मित्रहो, आपण सर्वजण येथे एकत्रित जमलेले आहात" असं सुरू केलं तर मुलांना परकं वाटतं. प्रमाण बोलीतच बोलायचं असेल तरी वाक्यं तोंडात बसणारी, छोटी असू द्या.

मोठ्यानं वाचा, मग कापा

घरी दार लावून घड्याळ समोर ठेवा आणि उभं राहून वाचा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी लहान वाटतं. जिथं श्वास पुरत नाही तिथं वाक्य तोडा. जिथं तुमचा आवाज भरून येतो ती जागा ओळखून ठेवा आणि तेवढंच वाक्य जास्त वेळा वाचा. रडू येणं वाईट नाही, पण वाक्य अर्धवट राहिलं तर मुलांना पुढचं ऐकायला मिळत नाही.

नंतर एका सहकाऱ्याला वाचून दाखवा, शक्यतो या वर्गाला शिकवणाऱ्या. त्यांना एकच विचारा: "यात कुणाला लागेल असं काही आहे का?" वर्गातली जी भानगड तुम्हाला माहीत नाही ती त्यांना माहीत असू शकते.

त्या दिवशी

कागदावर मोठ्या अक्षरात, ओळी सोडून लिहा आणि पानांना क्रमांक द्या. मोबाईलवरून वाचू नका. मांडवात उन्हामुळे पडदा दिसत नाही, मध्येच फोन येतो, आणि मुलांना वाटतं सर मेसेज बघतायत. कार्यक्रमाआधी माइकजवळ उभं राहून दोन शब्द बोलून बघा. तोंड माइकपासून चार बोटं लांब ठेवा, आणि शिट्टी वाजायला लागली तर मागं सरकून ऑपरेटरकडे बघा, त्यावरून ओरडू नका.

मुलांचं मनोगत चालू असताना तुमचा कागद मिटून ठेवा आणि ऐका. एखादी मुलगी म्हणेल, "बाई, तुम्ही आम्हाला एकदा रागावलात ते बरोबर नव्हतं." किंवा कुणी असं काही सांगेल जे तुम्ही विसरून गेला होता. सुरुवातीला एका वाक्यात त्याला उत्तर द्या, मग तुमच्या कागदाकडे या. मुलं हुंदके देत असतील तर थांबा, पाणी प्या, त्यांना वेळ द्या. "रडू नका" असं म्हणायची काही गरज नाही. बोलताना मंचाकडे नाही, मुलांकडे बघा, शेवटच्या रांगेकडेही.

नंतरची कामं

समारंभाला न आलेली मुलं हमखास असतात. कुणाकडे चांगले कपडे नसतात, कुणाला वर्गणी देता आलेली नसते, कुणी आईवडिलांना भेटायला कारखान्यावर गेलेलं असतं. भाषणाच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि प्रात्यक्षिक परीक्षेला ती मुलं येतील तेव्हा हातात द्या. वर्गणीमुळे कुणी येत नसेल हे आधी लक्षात आलं तर वर्गणीचा विषयच मिटवा, कुणाला कळू न देता.

आणि बोलताना जे जे कबूल केलंत त्याची यादी त्याच संध्याकाळी लिहा. कुणाला फोन, कुणाच्या घरी जाणं, कोणत्या दिवशी शाळेत हजर राहणं. निकाल मे महिन्यात, सुट्टीत लागतो. पुरवणी परीक्षेच्या अर्जाला निकालानंतर फार दिवस मिळत नाहीत आणि अर्ज शाळेमार्फतच भरावे लागतात. त्यामुळे निकालानंतरचा आठवडा गावाला जायचा बेत न ठेवता मोकळा ठेवा, मुख्याध्यापकांकडून कार्यालय कोणत्या वेळी उघडं असेल ते लिहून घ्या, आणि ती वेळ वर्गाच्या ग्रुपवर निकालाच्या आदल्या दिवशी टाका.